कचेरीचा धर्म

सरकारी कचेरीचें नांव निघालें कीं आपल्याकडील बहुतेक सुशिक्षित घरांत दोन चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. एका चित्रांत घरांतला कोणी मुलगा, पुतण्या किंवा जांवई कचेरींतील खुर्चीवर बसलेला असतो. दुसऱ्यांत घरांतलेंच कोणी वडील माणूस एखाद्या दाखल्यासाठीं अथवा सातबाराच्या उताऱ्यासाठीं दुसऱ्याच कोणाच्या खुर्चीपुढें तिष्ठत असतें. रात्रीं एका पंक्तीस जेवावयास बसल्यावर, तिष्ठून आलेला मनुष्य कचेऱ्यांस यथेच्छ नांवें ठेवितो, आणि खुर्चीवरून उठून आलेला 'लोकांना नियम समजत नाहींत' अशी तक्रार करितो. दोघेही वस्तुतः एकाच गोष्टीविषयीं बोलत आहेत, हें मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

ती गोष्ट म्हणजे सरकारी चाकरीचा धर्म. अंमलदारानें कसें वागावें ह्याविषयींचे नियम आपल्या देशांत थोडेथोडके नाहींत. ते छापलेले आहेत, त्यांच्या परीक्षा होतात, आणि नोकरींत शिरणाऱ्या प्रत्येकाला ते बंधनकारक आहेत. असें असतां सामान्य माणसाच्या पदरीं पडणारी सेवा त्या नियमांच्या प्रमाणांत सुधारत नाहीं, हें कां? ह्या प्रश्नाचें उत्तर पुण्यामुंबईच्या मोठाल्या कचेऱ्यांत शोधण्यापेक्षां महाराष्ट्राच्या अगदीं पूर्व टोंकास, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांत शोधलें तर अधिक स्पष्ट सांपडतें, असें आम्हांस वाटतें. म्हणून वाचकांनीं थोडा वेळ आमच्याबरोबर त्या अरण्यप्रदेशांत यावें, अशी विनंति आहे.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं जुन्या चांदा, म्हणजे आतांच्या चंद्रपूर, जिल्ह्यांतून वेगळा करण्यांत आला. जिल्ह्याची सुमारें तीन-चतुर्थांश भूमि वनाखालीं आहे. गडचिरोली शहरापासून पूर्वेस, मुरूमगांवावरून छत्तीसगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर धानोरा हें तालुक्याचें गांव लागतें. आजूबाजूस साग, बांबू, मोह व तेंदू ह्यांचें रान आहे. त्या रानांत पुष्कळ वस्ती गोंड लोकांची, आणि त्यांच्या घरांतली बोली गोंडी. पूर्वीं हा मुलूख जमीनदाऱ्यांचा होता. सन १९५१ मध्यें जमीनदाऱ्या नष्ट झाल्या आणि जंगलाचा ताबा सरकारी वनखात्याकडे गेला. तेव्हांपासून येथील माणसाच्या दृष्टीनें 'सरकार' म्हणजे मुख्यतः वनरक्षक, तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस. मुंबईचें मंत्रालय त्यानें पाहिलेलें नसतें. ह्या चार माणसांच्या वागणुकीवरूनच तो राज्याची परीक्षा करितो. सर्पणाची मोळी, घराचा वांसा, मोहाचीं फुलें, मध, टोपलीसाठीं बांबू, अशी रोजच्या संसारांतली प्रत्येक वस्तु ज्या जंगलांतून येते, त्या जंगलाची किल्ली ज्याच्या हातीं आहे त्या अंमलदाराचा सदाचार ही तेथें ग्रंथांतली गोष्ट राहत नाहीं. ती चुलीपाशीं येऊन पोंचते.

धानोऱ्यापासून तीनचार किलोमीटरांवर, कठाणी नदीच्या आसमंतांत, मेंढा नांवाचें एक लहानसें गोंड गांव आहे. शेजारच्या लेखा गांवाशीं जोडून कागदोपत्रीं त्याचा उल्लेख 'मेंढा (लेखा)' असा करितात. वस्ती पांचशेंच्या आसपास. १९८० नंतरच्या दशकांत इंचमपल्ली व भोपालपट्टनम येथील नियोजित धरणांविरुद्ध ह्या प्रदेशांत 'जंगल बचाव, मानव बचाव' ही चळवळ झाली, आणि तींतून मेंढ्याच्या लोकांना एक विचार सुचला. तो त्यांनीं एका घोषणेंत सांगितला: दिल्ली-मुंबईत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार. गांवचे पुढारी देवाजी तोफा आणि बाहेरून येऊन त्यांच्याशीं समरस झालेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ह्यांच्या प्रयत्नानें तेथें 'अभ्यासगट' सुरू झाले. कायदा काय म्हणतो, आपला हक्क कोणता, आपलें कर्तव्य कोणतें, ह्यांची चर्चा लोक एकत्र बसून करूं लागले. आणि ग्रामसभेंतील निर्णय बहुमतानें न घेतां सर्वांच्या संमतीनें घ्यावयाचे, असा त्यांनीं नेम केला.

सन २००६ मध्यें संसदेनें वनहक्क कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या जंगलांत राहणाऱ्यांवर आजवर झालेला अन्याय दूर करणें हा आपला हेतु असल्याचें त्या कायद्यानें आरंभींच कबूल केलें आहे. त्या कायद्याखालीं मेंढ्याच्या ग्रामसभेनें सामूहिक वनहक्काचा दावा केला, आणि ऑगस्ट २००९ मध्यें सुमारें अठराशें हेक्टर जंगलावरील तिचा हक्क मान्य झाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशांतील अगदीं पहिल्या गांवांत मेंढ्याची गणना होते. आतां जंगलांतील गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा अधिकार गांवास मिळाला. आणि गौण वनोपजाच्या व्याख्येंत कायद्यानें बांबूचें नांव स्पष्ट घातलें होतें.

येथपर्यंत सर्व सुरळीत झालें. अडलें तें एका लहानशा कागदापाशीं. जंगलांतला माल रस्त्यावरून न्यावयाचा तर वाहतूक-परवाना लागतो. माल कोठला, किती, कोठें जाणार, किती दिवसांत पोंचणार, हें त्यावर लिहिलेलें असतें. तो जवळ नसेल तर नाक्यावर गाडी अडते आणि माल जप्त होतो. मेंढ्याच्या ग्रामसभेनें बांबू विकण्याचें ठरविलें व परवाना मागितला. वनखात्यानें तो दिला नाहीं. खात्याचें म्हणणें असें कीं, १९२७ च्या भारतीय वन अधिनियमांत 'वृक्ष' ह्या शब्दाच्या व्याख्येंत बांबूचा समावेश आहे. मग तो गौण वनोपज कसा? इकडे ग्रामसभेचें म्हणणें असें कीं, २००६ चा कायदा नंतरचा आहे, त्यांत बांबूचें नांव लिहिलेलें आहे, आणि हक्क तर तुम्हीच मान्य केला आहे. विकण्याचा हक्क आहे परंतु नेण्याचा परवाना नाहीं, ह्याचा अर्थ काय? घर दिलें, पण उंबरठा ओलांडूं नये असें सांगितलें, त्यांतलाच हा प्रकार.

हा घोळ सुमारें वीस महिने चालला. मार्च २०११ मध्यें केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश ह्यांनीं सर्व राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून बांबू हा गौण वनोपजच समजावा असें कळविलें. आणि २७ एप्रिल २०११ रोजीं ते व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण असे दोघे मेंढ्यास आले आणि वाहतूक-परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं देण्यांत आलें. पुढें सप्टेंबर २०१२ मध्यें वनहक्काच्या नियमांतच दुरुस्ती होऊन असे परवाने ग्रामसभेच्या समितीनें द्यावे असें ठरलें. सन २०१७ मध्यें संसदेनें १९२७ च्या कायद्यांतील वृक्षाच्या व्याख्येंतून बांबू हा शब्दच काढून टाकिला.

ही हकीकत आम्ही विस्तारानें सांगितली ती एका विशेष कारणासाठीं. सरकारी सदाचाराचा विषय निघाला कीं आपण लागलीच लांचेकडे वळतों. परंतु ह्या वादांत प्रश्न लांचेचा नव्हता. नियमाच्या अर्थाचा होता. खात्याचे अधिकारी म्हणूं शकत होते कीं, आम्हीं एक पैसाही घेतला नाहीं, आमच्यापुढें जो नियम होता तोच आम्हीं पाळला. त्यांची बाजूही अगदींच निराधार नव्हती. परवान्याची पद्धत चोरटी तोड थांबावी म्हणून निघाली आहे. आणि वरून स्पष्ट आज्ञा नसतां जुना नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्यास उद्यां चौकशीला तोंड द्यावें लागतें, हें कोण नाकारील? तथापि परिणाम पाहिला तर काय दिसतें? देशाच्या संसदेनें दिलेला हक्क तालुक्याच्या ठिकाणीं वीस महिने अडून राहिला, आणि एक पुस्तक हातावर ठेवण्यासाठीं एका केंद्रीय मंत्र्यास व एका मुख्यमंत्र्यास अरण्यांतल्या एका खेड्यांत यावें लागलें. जें काम एका शांत, विचारी, कायदा नीट वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीनें व्हावयाचें, त्याला राज्याची सर्व शक्ति लागली.

ह्यावरून आम्ही असा सिद्धान्त काढतों कीं, निर्लोभपणा हा कचेरीच्या धर्माचा पाया आहे, परंतु तें संपूर्ण घर नव्हे. जो पैसा घेत नाहीं पण कामही करीत नाहीं. जो जुन्या नियमाच्या आडोशाला बसून नव्या कायद्याकडे पाठ फिरवितो. 'माझ्या सहीनें कांहीं बिघडूं नये' एवढ्याच चिंतेनें जो दुसऱ्याचें सर्व बिघडूं देतो, त्याला आपण घरांत सज्जन म्हणतों. खुर्चीपुढें उभ्या असलेल्या माणसाच्या हिशेबीं तो सज्जन ठरत नाहीं. त्याच्या दृष्टीनें लांच देऊन झालेलें काम आणि लांच न घेतां न झालेलें काम ह्यांत, दुसऱ्यांत पैसा वांचला, एवढाच काय तो फरक.

आपल्या पूर्वजांना हा विषय नवा नव्हता. कौटिल्यानें सरकारी द्रव्य गिळण्याचे चाळीस प्रकार मोजून ठेविले आहेत, आणि पाण्यांतला मासा केव्हां पाणी पितो हें जसें कळत नाहीं तसेंच अधिकाऱ्याच्या अपहाराचें आहे, असा दृष्टान्तही दिला आहे. परंतु कौटिल्याची नजर मुख्यतः राजाच्या कोठारावर आहे. रयतेच्या बाजूनें पाहणारा नियम हवा असेल तर अठराव्या शतकाच्या आरंभीं लिहिलेलें, रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें आज्ञापत्र उघडावें. आरमारासाठीं लांकूड लागतें. तें कसें मिळवावें हें सांगतांना त्यांत असा इशारा दिला आहे कीं, रयतेच्या आंब्याफणसाच्या झाडांस हात लावूं नये, कारण तीं झाडें एकदोन वर्षांत होत नाहींत, लोकांनीं तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. फारच गरज पडली तर धन्याची समजूत घालून, मोल देऊन, त्याच्या संतोषानें घ्यावीं. ह्या आज्ञेंतील मर्म पाहण्यासारखें आहे. ती नुसती मनाई करून थांबत नाहीं. मनाई कां, हें सांगते, आणि तें कारण झाडाच्या धन्याच्या मनांतलें आहे. ज्या नियमाच्या मागें असा माणूस उभा असतो तो नियम अधिकाऱ्याच्या अंगीं भिनतो. ज्याच्या मागें नुसतें परिपत्रक असतें तो फायलींत राहतो.

ह्याच ओघांत एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घराण्यांत लेखणी पिढीजात चालत आलेली आहे. कोणी कुळकर्णी, कोणी देशपांडे, कोणी फडणीस. पुढें इंग्रजी अंमलांत शिरस्तेदार, मामलेदार व मुन्सफ. ह्या वर्गाच्या लेखणीनें राज्यें चालविलीं हें जितकें खरें, तितकेंच तिनें अडाणी रयतेला नाडलें हेंही खरें. लोकहितवादी स्वतः सरकारी न्यायखात्यांत होते; त्यांनीं १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रांत लिहिलेल्या शतपत्रांत आपल्याच जातीच्या दोषांवर कोरडे ओढले. जोतीराव फुल्यांनीं १८८३ मध्यें पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथांत कचेऱ्यांतील ब्राह्मण कामगार अक्षरशून्य कुणब्याला कसा लुबाडतो, हें सविस्तर वर्णिलें. तें वाचून आपल्यांतील पुष्कळांना राग येतो. राग येणें स्वाभाविक आहे. परंतु रागानें आरोप खोटा ठरत नाहीं. ज्या घराला लेखणीचा वारसा आहे त्या घरावर त्या लेखणीच्या जुन्या देण्याचाही कांहीं भार आहे, आणि तो फेडण्याचा मार्ग आजच्या पिढीला खुला आहे.

आतां आजचे नियम पाहूं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ चे आहेत. सरकारी नोकरानें सदैव पूर्ण सचोटी व कर्तव्यनिष्ठा ठेवावी, हें त्यांतलें मुख्य सूत्र. भेटवस्तु कोणाकडून व किती घ्याव्या, मालमत्तेचें विवरण कसें द्यावें, येथपासून हुंडा घेऊं अथवा देऊं नये येथपर्यंत त्यांत सांगितलेलें आहे. मुलगा नोकरीस लागतांच त्याच्या सोयरिकीचे आंकडे वाढविणाऱ्या घरांनीं हें शेवटचें कलम एकदां अवश्य वाचावें. ह्या नियमांचा रोख मुख्यतः अंमलदारानें काय करूं नये ह्यावर आहे. त्यानें काय आणि किती दिवसांत करावें, हें सांगणारा कायदा पुढें आला. अण्णा हजारे ह्यांच्या आंदोलनानंतर झालेला, लोकांत 'दप्तरदिरंगाईचा कायदा' म्हणून ओळखला जाणारा २००५ चा अधिनियम जुलै २००६ पासून अमलांत आला. कोणतीही नस्ती एका टेबलावर कामाच्या सात दिवसांहून अधिक राहूं नये, आणि दुसऱ्या खात्याचा सल्ला लागत नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय व्हावा, असें तो सांगतो. प्रत्येक कार्यालयानें नागरिकांची सनद प्रसिद्ध करावी, हेंही त्यांतच आहे.

ह्या सनदेची कल्पना मूळ विलायतेची. तेथें १९९१ मध्यें पंतप्रधान जॉन मेजर ह्यांनीं ती काढिली, आणि १९९७ मध्यें मुख्यमंत्र्यांच्या परिषदेनंतर आपल्या देशांतील कार्यालयें तिचें अनुकरण करूं लागलीं. विलायतेंतच १९९५ मध्यें नोलन समितीनें सार्वजनिक जीवनाचीं सात तत्त्वें सांगितलीं: निःस्वार्थता, सचोटी, निःपक्षपात, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व. ह्या यादींत सचोटी व प्रामाणिकपणा ह्यांच्या जोडीला उत्तरदायित्व व खुलेपणा वेगळे मोजले आहेत, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. मनुष्य मनानें शुद्ध असला तरी त्यानें विचारणाऱ्याला उत्तर दिलें पाहिजे, आणि आपलें दप्तर उघडें ठेविलें पाहिजे, असा त्याचा अर्थ.

ह्या मालिकेंतील सर्वांत उपयोगी कायदा म्हणजे २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. त्यानें अधिसूचित सेवा ठराविक मुदतींत मिळणें हा नागरिकाचा हक्क ठरविला. अर्जाची पोंच मिळाली पाहिजे. मुदतींत काम न झालें अथवा अर्ज नाकारला गेला तर पहिलें अपील, नंतर दुसरें, आणि शेवटीं सेवा हक्क आयोगाकडे तिसरें अपील करितां येतें. पुरेशा कारणावांचून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पांचशेंपासून पांच हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. म्हणजे १९७९ मध्यें जें अंमलदाराच्या मनावर सोपविलें होतें, त्याचा एक भाग २०१५ मध्यें घड्याळावर सोपविण्यांत आला. घड्याळ हें मनापेक्षां कमी थोर असेल, परंतु तें भिंतीवर सर्वांना दिसतें.

मग एवढ्यानें काम झालें काय? धानोऱ्याकडे पुन्हां वळूं, म्हणजे उणीव कोठें आहे तें कळेल. सनद भिंतीवर लागते, पण ती कचेरीच्या मराठींत. 'पदनिर्देशित अधिकारी', 'अधिसूचित सेवा', 'अपीलीय प्राधिकारी' हे शब्द आपल्या घरांतल्या पदवीधरालाही दोनदां वाचावे लागतात. मग गोंडी बोलणाऱ्या म्हातारीनें त्यांतून आपला हक्क कसा ओळखावा? अपिलाची वाट कायद्यानें ठेविली, पण आडरानांतल्या ज्या माणसाला तालुक्यास येणें म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडविणें, त्याला 'उद्यां या' हे दोन शब्दच दंडासारखे आहेत. त्याच्या बाबतींत कायदा मोडण्यासाठीं कोणी वाईट असावें लागत नाहीं. टेबलामागच्या माणसानें त्याच्या तोंडाकडे न पाहतां बोलणें एवढेंही पुरतें.

दुसरी उणीव त्याहून खोल आहे. गडचिरोलीची नेमणूक ही शिक्षा आहे, अशी समजूत सरकारी वर्गांत जुनी आहे. दुर्गम व नक्षलग्रस्त भागांत जाणाऱ्यांस सरकारनें एकस्तर वरची वेतनश्रेणी दिली ती योग्यच केली. कारण तेथील अडचणी खऱ्या आहेत, आणि कर्तव्य करीत असतां कित्येकांनीं तेथें प्राणही दिले आहेत. परंतु ज्याला तेथें 'पाठविलें' आहे त्याचें अर्धें लक्ष परत येण्याच्या अर्जाकडे असतें. आणि तो अर्ज कोण चालवितें? बहुधा घर चालवितें. आई देवाला नवस करिते, सासरे ओळखीचा माणूस गांठतात, काका मुंबईस फेऱ्या घालतात. एका घराची ही खटपट त्या घरापुरती मायेची आहे. परंतु अशा शेंकडों घरांची माया एकत्र झाली म्हणजे एका सबंध तालुक्याच्या वांट्याला रिकाम्या खुर्च्या येतात.

येथेंच आम्हांस मुख्य गोष्ट सांगावयाची आहे. सरकारी सेवेचा दर्जा बिघडविणारी जी सर्वांत सभ्य गोष्ट, तिचें नांव वशिला. लांच देणें आपल्या घरांत कमीपणाचें समजतात. वशिला लावणें मात्र व्यवहारचातुर्य समजतात. दाखला हवा, ओळखीच्या अधिकाऱ्याला दूरध्वनि करावा; रांग मोठी आहे, आंतल्या दारानें जावें. पैसा दिला-घेतला नाहीं, म्हणून पापाची टोंचणीही लागत नाहीं. परंतु अधिकाऱ्याचा वेळ हा पाण्याच्या हौदासारखा आहे. आपल्यासाठीं एक घागर आधीं भरली कीं रांगेंतल्या कोणाची तरी तेवढीच मागें राहते. आणि मागें राहणारा बहुधा तोच, ज्याची कोणाशीं ओळख नाहीं. सातबारा, दाखला, परवाना ह्यांसाठीं ज्याच्यापाशीं नियमाशिवाय दुसरा आधार नाहीं, त्याच्यासाठींच नियम निर्माण झालेला असतो. वशिल्यानें आपण त्याचा तेवढा आधार काढून घेतों.

मेंढ्याच्या लोकांनीं काय केलें, हें ह्या दृष्टीनें विचार करण्यासारखें आहे. सरकारकडे हक्क मागण्याच्या किती तरी आधीं त्यांनीं स्वतःला नियम घालून घेतले होते. जंगलास वणवा लागूं द्यावयाचा नाहीं, फळांसाठीं किंवा मधासाठीं झाड तोडावयाचें नाहीं, जंगलांत अतिक्रमण करावयाचें नाहीं, गरजेपुरतेंच आणावयाचें, राखणीस आपणच जावयाचें. गांवांत दारूलाही बंदी. पुढें बांबूची विक्री हातीं आल्यावर ती त्यांनीं ग्रामसभेच्याच हातीं ठेविली, कोणा एका पुढाऱ्याच्या नव्हे. आणि २०१३ मध्यें तर गांवानें आपली खासगी शेतजमीनही ग्रामदान कायद्याखालीं ग्रामसभेस अर्पण करण्याचा निर्णय घेतला. ज्यानें स्वतःस बांधून घेतलें आहे तो दुसऱ्याला नियम विचारूं शकतो, आणि त्याच्या विचारण्यास वजन येतें. मेंढ्यानें मंत्र्यांकडे कृपा मागितली नाहीं. कायद्यांतलें वाक्य पुढें ठेविलें. वशिला आणि हक्क ह्यांतला हा भेद आहे. वशिल्यानें एकाचें काम होतें. हक्कानें जें झालें तें सर्वांसाठीं होतें. मेंढ्याच्या परवान्यानें बांबूची जी वाट मोकळी झाली तिचा लाभ इतर गांवांसही झाला; आज गडचिरोली जिल्ह्यांतील हजारांहून अधिक ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत.

एका आदिवासी खेड्याचें हें वर्तन आपल्या एकत्र कुटुंबांस अगदींच परकें वाटूं नये. मोठ्या घरांत कोठीची किल्ली ज्या वडील जावेच्या कमरेला असते तिनें एक कणही चोरला नाहीं, तरी तेवढ्यानें ती चांगली ठरत नाहीं. कोठी वेळेवर उघडली पाहिजे, धाकट्या जावेच्या मुलाला दूध आपल्या मुलाइतकेंच मिळालें पाहिजे, आणि हिशेबाची वही कोणीही मागितली तर दाखविली पाहिजे. जिच्या नवऱ्याची मिळकत थोडी आहे ती धाकटी जाऊ तोंड उघडून मागत नाहीं. म्हणून तिच्याकडे आधीं पाहावें, हें शहाण्या गृहिणीला कोणी शिकवावें लागत नाहीं. कचेरीचा धर्म ह्याहून वेगळा नाहीं. मागण्यास जो सर्वांत लाजतो त्याच्याकडे आधीं पाहणें, ही सेवेच्या दर्जाची खरी कसोटी होय.

तेव्हां आमच्या वाचकांनीं आपल्या घरापासून आरंभ करावा. कचेरींत जावयाचें तर कोणती सेवा किती दिवसांत मिळावयाची हें आधीं पाहून जावें. अर्जाची पोंच मागून घ्यावी. मुदत टळली तर ओळख न शोधतां अपील करावें. सुशिक्षित मनुष्यानें केलेलें एक रीतसर अपील अशिक्षित अशा पुष्कळांची वाट मोकळी करितें, कारण त्यानें कचेरीला मुदत पाळण्याची संवय लागते. आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईचा अर्ज अडला असेल तर तिच्यासाठीं शब्द टाकूं नये. तिला पोंच कशी मागावी तें शिकवावें, आणि एकवार तिच्याबरोबर जाऊन रांगेंत उभें राहावें. पंक्तीस बसल्यावर घरांतल्या अधिकाऱ्याला 'वरकमाई किती?' हा निर्लज्ज प्रश्न आपल्यांत कोणी विचारीत नसेल. पण 'आज किती लोक परत पाठविलेस, आणि कां?' हा प्रश्नही आपण विचारीत नाहीं. तो घरांतल्या वडिलांनीं विचारावा. वर्तणुकीचे नियम सरकार करील, दंड आयोग करील. परंतु ह्या एका प्रश्नाची धास्ती घराखेरीज दुसरें कोणी निर्माण करूं शकत नाहीं.

आणि परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं उद्यां धानोऱ्याच्या नेमणुकीचा हुकूम पडला, तर त्या घरानें बदलीसाठीं कोणाचा उंबरठा झिजवूं नये. त्यांना सांगावें कीं, तेथें जा, गोंडीचे चार शब्द शीक, कायद्याचें पुस्तक नवें घे आणि नीट वाच; दुरून चालत आलेल्या माणसाला आधीं बसावयास सांग, मग त्याचा कागद पाहा, आणि होण्यासारखें काम असेल तर आजच करून दे. बंदुकीच्या भयापेक्षां दारांतून रिकाम्या हातीं परतलेल्या माणसाची निराशा राज्याला अधिक दुर्बळ करिते. आणि वेळेवर झालेली एक सही त्या अरण्यांत राज्याची जेवढी प्रतिष्ठा वाढविते तेवढी दहा समारंभांनीं वाढत नाहीं. असे अधिकारी आपल्या घराघरांतून निघोत, आणि लेखणीचा जो वारसा आपण मिरवितों त्याचें जुनें देणें त्यांच्या हातून फिटो, एवढीच आमची इच्छा आहे.